इतर हक्कांचा रकाना

सातबारा हातात आला की नजर आधी आपल्या नावावर जाते. नाव, गट नंबर, क्षेत्र सगळं बरोबर, झालो मालक! आता बोट जरा पुढे सरकवा. तिथं एक रकाना आहे, ‘इतर हक्क’. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला भाऊबंदांचा हिस्सा, शेजाऱ्याची वहिवाट, हे सगळं तिथं चढतं. मालकीच्याच कागदावर दुसऱ्यांसाठी राखलेली जागा! मला या रकान्याचं फार अप्रूप आहे.

मग शेत आपलं म्हणजे नेमकं कुठवर आपलं?

खाली खणून पाहू. कुदळीला मोहरांचा हंडा लागला, तर 1878 चा गुप्तधनाचा कायदा उभा राहतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. त्यावर कुणाचा दावा नाही, सरकारनेही ते घेतलं नाही आणि आपसात काही ठरलेलं नाही, तर तीन हिस्से ज्याला सापडलं त्याचे, जमीनमालकाचा एकच! शेत तुमचं, पण कुदळ मजुराची असेल तर तुम्हाला पाव वाटा.

वर पाहू. अमेरिकेत ग्रीन्सबरोजवळ कॉस्बी कुटुंब कोंबड्या पाळायचं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं त्यांच्या जागेवरून अवघ्या 83 फुटांवरून जाऊ लागली. बिथरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरायच्या. अशा दीडशेच्या आसपास गेल्या. 1946 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमीन ज्याची त्याचंच वरचं सगळं आकाश, हे जुनं सूत्र आता चालणार नाही. मात्र जमीन नीट वापरता यावी एवढी वरची हवा मालकाचीच. तिथून सतत विमानं नेणं म्हणजे त्याची मालमत्ता काढून घेणं.

राहिला बांध. शेजाऱ्याला शेतात जायला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार चौकशी करून बांधावरून रस्ता देऊ शकतो. आपल्याला ही आगळीक वाटते. पण पेरणीच्या तोंडावर बियाण्याची पोती घेऊन आपण शेताकडे निघतो, तेव्हा पायाखाली बांध कुणाचा असतो? एखादेवेळी त्याच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांत, आपलीच नोंद असते.