पाटी राहते, गादी बदलते

(नभोवाणीवरील भाषण)



पलासियातील छप्पन दुकान ही रांग इंदूरकरांना नव्याने सांगावयास नको. 2020 साली अवघ्या छप्पन दिवसांत तिचा कायापालट करण्यात आला आणि रस्ता पायी हिंडणाऱ्यांचा झाला. पोहे, जिलबी, कचोरी यांच्या पंक्तीला आता पिझ्झा नावाचा इटालियन पदार्थही इंदुरी जिभेच्या परिचयाचा झाला आहे. माझ्या वर्गात खाद्यपदार्थांच्या एका दुकानदाराचा मुलगा आहे. भूगोलाच्या तासाला इटलीचा नकाशा काढीत असता त्याने मला विचारले, "सर, पदार्थ इटलीचा, मग इटालियन दुकानदार कुठे आहेत?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

इटालियन माणसे मोठ्या संख्येने परदेशी गेली ती पोट भरण्यासाठी. 1880 ते 1915 या काळात सुमारे 1 कोटी 30 लक्ष लोकांनी इटली सोडली. कित्येक पुढे परतले, कित्येक तिकडेच राहिले. त्यांत दक्षिण इटलीतील आणि सिसिली बेटावरील शेतकरी व मजूर फार होते. परमुलखात त्यांना उणीव भासली ती घरच्या चवीची. ऑलिव्हचे तेल, मुरलेले चीज, खारवलेले मांस, वाळविलेली मॅकरोनी हे सारे जिन्नस टिकाऊ. दूरचा समुद्रप्रवास सोसणारे. म्हणून ज्याच्या गाठीशी चार पैसे जमत, तो प्रथम किराणा मालाचे दुकान घाली.

मग या दुकानातून खानावळ कशी निघाली? मुंबईच्या गिरणगावाची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे चटकन उमगेल. कोकणातून व घाटावरून आलेला गिरणी कामगार मुंबईत एकटाच राही. त्याला चूल नव्हती, रांधणारे माणूस नव्हते. त्याच्यासाठी चाळीतील एखाद्या बाईने दोन पाने अधिक मांडली आणि खानावळ उभी राहिली. इटालियन मजुराची अडचण हीच होती. फरक एवढाच, की त्याची खानावळ पुष्कळदा वाण्याच्या दुकानातच जन्मास आली.

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरातील एका दुकानाचे उदाहरण घेऊ. साल्व्हातोरे लुपो या सिसिलियन गृहस्थाने 1906 साली तेथे 'सेंट्रल ग्रोसरी' हे दुकान काढले. जवळच्या बाजारात भाजीपाला विकावयास येणारे शेतकरी दुपारी त्याच्याकडे येत. थोडे मांस, थोडे चीज, थोडे ऑलिव्हचे लोणचे आणि एक पाव अशी ते निरनिराळी खरेदी करीत आणि पिंपावर किंवा खोक्यावर बसून, सारे मांडीवर सावरीत जेवत. त्यांची ही तारांबळ पाहून लुपोने तीळ लावलेला वाटोळा पाव आडवा चिरला आणि सर्व जिन्नस त्यातच भरून दिले, असे त्या घराण्यात सांगितले जाते. 'मुफुलेत्ता' नावाचा तो पाव आज त्या शहराचे भूषण मानला जातो. दुकान अद्याप कुटुंबाकडेच आहे. 2021 सालच्या वादळात त्याची मोठी हानी झाली आणि ते दीर्घ काळ बंद राहिले. पण 2024 च्या अखेरीस दारे पुन्हा उघडली.

या जोडधंद्यात व्यवहाराचे मोठे शहाणपण होते. चीजचा कडेचा तुकडा किंवा मांसाचे उरलेले टोक गिऱ्हाईक घेत नाही; ते आतल्या पातेल्यात शिजते. स्वयंपाकघर दुकानाची नासाडी वाचवी आणि दुकान स्वयंपाकघराला घाऊक दराने माल पुरवी. जेवून तृप्त झालेला माणूस उठताना तेच तेल, तेच चीज घरी बांधून नेई. शिवाय आई रांधी, बाप तागडी धरी, मुले शाळेतून येऊन भांडी विसळीत. पगाराचा खर्च जवळजवळ नसेच.

पण या धंद्याची दुखरी बाजूही येथेच होती. जे दुकान घरच्यांच्या विनामूल्य श्रमावर उभे असते, ते त्या माणसांच्या वयाबरोबर थकत जाते. मुले शिकली, दुसऱ्या वाटेने गेली, की प्रश्न पडतो: गादीवर कोण बसणार?

आता आपल्या देशाकडे वळू. येथे आलेले नामांकित इटालियन दुकानदार निराळ्या परिस्थितीत आले. त्यांचे गिऱ्हाईक आपल्या गावचा गरीब मजूर नसून राज्यकर्ता युरोपियन साहेब होता.

त्यांतील अग्रणी म्हणजे फेदेरिको पेलिती. तुरिनजवळच्या कारिन्यानो गावी 1844 साली त्याचा जन्म झाला. शिक्षण शिल्पकलेचे, परंतु हात रमला तो मिठाईत. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा मिठाईकार म्हणून तो 1869 साली हिंदुस्थानात आला. 1872 साली अंदमानात लॉर्ड मेयो यांचा खून झाला आणि पेलितीचा आश्रयदाताच गेला. दुसरा असता तर गाशा गुंडाळून परतला असता. पेलितीने कलकत्त्यास स्वतःचे दुकान काढले आणि पुढे सिमल्यासही पाटी लावली. 1889 साली पॅरिसला आयफेल मनोरा उभा राहिला, तेव्हा या शिल्पकार हलवायाने त्याची सुमारे बारा फूट उंचीची प्रतिकृती साखरेत घडविली. किपलिंगच्या 'द फँटम रिक्षा' या कथेत पेलितीच्या उपाहारगृहाचा उल्लेख आहे. इतकी कीर्ती मिळूनही पेलिती अखेर आपल्या गावी परतला आणि 1914 साली तेथेच निवर्तला. 

दुसरे नाव आंजेलो फिर्पो याचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कलकत्त्याच्या चौरंगी रस्त्यावर, मैदानासमोर, त्याचे उपाहारगृह उभे राहिले. त्याच्या भट्टीतील पावाचाही मोठा लौकिक होता. साहेबांचे राज्य गेले, जुने गिऱ्हाईक पांगले, आणि उपाहारगृहाची रया गेली. ते बंद पडले आणि त्या वास्तूत कापडचोपडाचा बाजार भरू लागला. बाजाराचे नाव मात्र फिर्पो मार्केटच राहिले! ज्या नावाने लोक जेवावयास जात, त्याच नावाने ते साड्या व कपडे घेऊ लागले. 2002 साली आगीने त्या बाजाराचा घास घेतला. येथे पाटी उरली, पण पाटीमागचे काम गेले होते.

तिसरे उदाहरण मुंबईचे आहे आणि ते माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फोर्ट भागात मोंजिनी आडनावाचे दोन इटालियन बंधू खाद्यपदार्थ पुरविण्याचा व्यवसाय करीत. युरोपियन रहिवाशांत त्यांचे नाव होते. 1958 साली तो व्यवसाय खोराकीवाला कुटुंबाने घेतला. अकबरअली हे मुंबईतील सर्वपरिचित बहुवस्तू भांडारही त्याच घराण्याचे; म्हणजे बाजार आणि भट्टी यांची सांगड येथे निराळ्या रीतीने पडली. 1971 साली मोंजिनीज फूड्स ही कंपनी झाली. ठिकठिकाणच्या दुकानदारांना आपले नाव वापरण्याची परवानगी द्यावयाची आणि माल जवळच्या भागात तयार करून त्यांना पुरवावयाचा, अशी पद्धत तिने स्वीकारली. जो केक साहेबाच्या मेजावर असे, तो चाळीतल्या मुलाच्या वाढदिवसाला आला. आज त्या पाटीखाली केक घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, ते एका इटालियन घराण्याचे आडनाव आहे?

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे: इटालियन दुकानदार येथे होते. त्यांचे दुकान साहेबाच्या मेजाशी बांधलेले होते, आणि साहेब उठला तेव्हा मेजही उठले. जेथे नव्या हातांनी नवे गिऱ्हाईक जोडले, तेथे नाव आणि काम दोन्ही जगले. ते हात रक्ताच्या नात्याचे असलेच पाहिजेत असे नाही. पण मालाची जबाबदारी आपली आहे असे मानणारे मात्र असले पाहिजेत.

मी हे वर्गात सांगितले. तास संपल्यावर तो मुलगा थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, बाबा म्हणतात, बारावी झाली की गल्ल्यावर बस. मला पुढे शिकायचे आहे. मी बसलो नाही तर आमचे दुकान बंद पडेल का?" तेव्हा कळले, की त्याला इटलीची नव्हे, घराची काळजी होती.

काही दिवसांनी त्याच्या वडिलांची गाठ पडली. मी त्यांना उपदेश केला नाही. मोंजिनी बंधूंची गोष्ट तेवढी सांगितली. ते कढईतील झारा न थांबवता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मास्तरसाहेब, दुकान दुसऱ्याच्या हाती देता येते हो, पण हा अंदाज कसा द्यायचा?" आणि त्यांनी तेलाकडे बोट दाखविले.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुकानाचे खरे भांडवल कागदावर नसते. ते आचेच्या अंदाजात आणि गिऱ्हाइकाच्या ओळखीत असते. पण तो अंदाजही शिकविता येतो, वारसाला येतो तसा जोडीदाराला आणि नोकरालाही येतो. त्यासाठी गादी सोडण्यापूर्वी शिकविण्यास आरंभ केला पाहिजे. त्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाला हल्ली मी कढईपाशी उभा पाहतो. मालक शेजारी स्टुलावर बसून मधूनमधून एखादा शब्द बोलतात. मुलगा संध्याकाळी गल्ल्यावर असतो. पाठ्यपुस्तक गल्ल्याशेजारी उघडे असते. पुढे काय होईल ते पुढच्या पाच-सात वर्षांत दिसेल.

आपल्या ओळखीच्या जुन्या दुकानात आज-उद्या गेलात, तर नुसते खाऊन परतू नका. ते कोणी काढले, आज कोण चालविते आणि उद्या कोण चालविणार, एवढे आस्थेने विचारा.