पाकिटाच्या पाठीमागे : लेखांक ६ – चवदार ओट्समध्ये ओट्स किती?

मागच्या लेखांकात आपण पाकिटाच्या पाठीवरचा पोषणतक्ता कसा वाचायचा ते पाहिलं. आज तोच तक्ता हाती घेऊन एका पदार्थाची झडती घेऊ. पदार्थ आहे उकळतं पाणी घातलं की दोन-तीन मिनिटांत तयार होणारे चवदार इन्स्टंट ओट्स. अमेरिकेत ते मेपल-ब्राउन शुगर, सफरचंद-दालचिनी अशा गोड चवींत खपतात, तर आपल्याकडे मसाला ओट्सनी बाजी मारली आहे. ‘ओट्स म्हणजे हृदयाला हितकर’ ही समजूत दोन्हीकडच्या विक्रीचा पाया आहे. ती खोटी नाही, पण पाकिटातल्या हिशेबात ती कुठवर टिकते ते पाहायला हवं.

हृदयाचा दावा आला कुठून?

ओट्समध्ये बीटा-ग्लुकान नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो. ओट्सची खीर थोडी निवली की बुळबुळीत, दाट होते ती त्याच्यामुळेच. हा बुळबुळीतपणा आतड्यात कामाला येतो. पचनासाठी यकृताने सोडलेली पित्ताम्लं एरवी बहुतांशी पुन्हा शोषली जाऊन वापरात येतात. बीटा-ग्लुकानमध्ये अडकलेली पित्ताम्लं मात्र शौचावाटे बाहेर पडतात. मग नवी पित्ताम्लं तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान काही आठवडे नियमाने पोटात गेलं, तर एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं.

१९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचं विधान छापायला परवानगी दिली, ती याच ३ ग्रॅमच्या आधारावर. पण ते छापण्यासाठी एका वाढपात ०.७५ ग्रॅम बीटा-ग्लुकान असलं तरी पुरतं. उरलेले सव्वादोन ग्रॅम दिवसभरात तुम्ही आणखी कुठून तरी खाल, असं त्यात गृहीत आहे. खरेदी करताना नेमकं हेच गृहीतक नजरेआड होतं.

२८ आणि ४३

क्वेकर या अमेरिकी कंपनीची दोन पाकिटं शेजारी ठेवू. साध्या इन्स्टंट ओट्सच्या पाकिटाचं वजन २८ ग्रॅम. त्यात १०० कॅलरी, ४ ग्रॅम प्रथिनं, ३ ग्रॅम तंतू आणि वरून घातलेली साखर शून्य. मेपल-ब्राउन शुगर चवीचं पाकीट ४३ ग्रॅमचं. त्यात कॅलरी १६०, प्रथिनं ४ ग्रॅमच, तंतूही ३ ग्रॅमच आणि साखर १२ ग्रॅम.

वजन १५ ग्रॅमनी वाढलं, तरी प्रथिनं आणि तंतू जागचे हलले नाहीत. म्हणजे दोन्ही पाकिटांत ओट्स जवळजवळ तेवढेच आहेत आणि जी भर पडली ती मुख्यतः साखरेची, तीन छोटे चमचे. चवदार पाकिटाच्या वजनात चौथ्या हिश्श्याहून अधिक साखर भरते. मीठही साध्यापेक्षा जास्त असतं. लोह, कॅल्शियम, ‘अ’ जीवनसत्त्व वरून घातल्याचा गवगवा होतो, पण ते साध्या पाकिटातही घातलेलं असतं.

आता ३ ग्रॅम बीटा-ग्लुकानचा हिशेब मांडू. ओट्समध्ये त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे एका पाकिटातून मिळणार जेमतेम १ ग्रॅम. ३ ग्रॅम हवे असतील तर दिवसाला तीन पाकिटं खावी लागतील. ती साधी असली तर ३०० कॅलरी पोटात जातील आणि प्रश्न मिटेल. मेपल-ब्राउन शुगरची असली तर तंतूबरोबर ३६ ग्रॅम साखरही जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. हृदयासाठी घेतलेलं औषध साखरेच्या अनुपानाने ही मर्यादा ओलांडतं.

फळांच्या चित्रांवरही भिस्त ठेवू नका. याच कंपनीच्या ‘स्ट्रॉबेरी अँड क्रीम’ चवीच्या पाकिटात अनेक वर्षं वाळवलेल्या सफरचंदाचे तुकडे असत. त्यांना स्ट्रॉबेरीचा वास आणि लाल रंग दिलेला असे. ते घटकांच्या यादीत रीतसर छापलेलंही होतं.

जाड, पातळ आणि झटपट

साखर बाजूला ठेवली तरी ‘इन्स्टंट’पणाची स्वतंत्र किंमत आहे. सोललेला ओट्सचा दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकडे करून विकला की ते स्टील-कट ओट्स. वाफवून रुळाखाली चपटा केला की रोल्ड ओट्स. इन्स्टंटसाठी तो आधी बारीक तोडतात, जास्त शिजवतात, अगदी पातळ लाटतात आणि वाळवतात. तंतूचं वजन तिन्हींत सारखंच, पण स्वयंपाकघरात व्हायचं काम कारखान्यात आधीच उरकलेलं असल्याने पिष्टमय भाग पोटात भराभर पचतो. स्टील-कट ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स ५५च्या आसपास, तर इन्स्टंटचा ७५च्या आसपास येतो. ५५पर्यंत कमी आणि ७०च्या वर जास्त, अशी ढोबळ विभागणी आहे. मधुमेह असलेल्यांनी हा फरक मनावर घ्यावा, कारण साधे, बिनसाखरेचे इन्स्टंट ओट्ससुद्धा रक्तातली साखर झपाट्याने वाढवू शकतात.

मसाला ओट्सचा प्रश्न वेगळा

आपल्याकडच्या मसाला ओट्समध्ये साखर सहसा थोडीच असते. तिथे नजर सोडियमवर हवी. तक्त्यातल्या सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मिठाची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पाहणीत आपलं सरासरी सेवन दिवसाला ८ ग्रॅम आढळलं. म्हणजे मर्यादा आधीच मोडलेली आहे आणि लोणचं-पापड-फरसाणाच्या ताटात पाकिटातलं मीठ आणखी भर घालतं. आपल्या लेबलवर एका वाढपातलं सोडियम दिवसाच्या मर्यादेच्या किती टक्के आहे, हेही छापलेलं असतं. तो आकडा वीसच्या पुढे गेला तर विचार करावा.

घटकांच्या यादीत ‘ओट्स’ या शब्दापुढे टक्केवारीही असते, तीही पाहा. भाज्यांची टक्केवारी पाहिलीत तर पाकिटावरच्या रसरशीत मटार-गाजराच्या चित्राचा अर्थ लागेल.

मग काय करावं?

चवदार पाकीट म्हणजे विष नव्हे. प्रवासात, वसतिगृहात, रात्रपाळीत ते वड्यापेक्षा किंवा बिस्किटांच्या पुड्यापेक्षा बरं. पण रोजची न्याहारी आणि तीही हृदयासाठी म्हणून खायची असेल, तर साधे रोल्ड ओट्स आणा आणि चव घरी द्या. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, कांदा, टोमॅटो, मूठभर मटार, वर भाजलेल्या दाण्यांचं कूट असं सगळं धरून दहा मिनिटं लागतात आणि मीठ आपल्या हातात राहतं. गोड हवं असेल तर केळं किंवा दोन खजूर घाला. ४ ग्रॅम प्रथिनांवर दुपारपर्यंत तग धरवत नाही, तेव्हा जोडीला कपभर दूध किंवा अंडं असू द्या. घरात पाकिटं असतीलच, तर अर्धं चवदार आणि त्यात तेवढेच साधे ओट्स मिसळा. साखर-मीठ निम्म्यावर येतं आणि चव फारशी बिघडत नाही.

ओट्स न आवडणाऱ्यांनी मन खट्टू करू नये. बीटा-ग्लुकान जवातही भरपूर असतं. ज्वारी-नाचणीत ते नगण्य, पण एकूण तंतू दोन्हींत १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या पुढेच, ओट्सच्या तोडीचे. शिवाय नाचणीतलं ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम ओट्सच्या आवाक्याबाहेरचं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ : दुकानात एकाच कंपनीची साधी आणि चवदार अशी दोन पाकिटं घ्या आणि दर १०० ग्रॅमला तंतू, वरून घातलेली साखर आणि सोडियम हे तीन आकडे जुळवून पाहा. साध्यापेक्षा चवदार पाकिटात तंतू जेवढा कमी, तेवढी ओट्सची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे.

(पुढील लेखांकात : ‘मल्टिग्रेन’ ब्रेडमध्ये धान्यं किती आणि मैदा किती?)