बिल्ला लावलेला वाचक

साहित्य संमेलनात पंधरा-सोळा वर्षांची मुलं दिसत नाहीत असं नाही. सकाळी ती ग्रंथदिंडीत लेझीम खेळतात, मग स्वागतगीत म्हणतात आणि दुपारी छातीवर ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला लावून पाहुण्यांना जेवणाच्या मांडवाची वाट दाखवतात. ‘तू सध्या काय वाचतोस?’ असं त्यांना कुणी विचारल्याचं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

संमेलनं भरवणं छत्रपती संभाजीनगरला कुणी शिकवायला नको. 1957 साली अनंत काणेकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन इथंच भरलं. मराठवाडा साहित्य परिषद त्याच्याही आधीची, निजामी राजवटीतली, 1943 सालची. साहित्य महामंडळाचं कार्यालय पुणे, मुंबई, नागपूर असं फिरत फिरत पाळीनं याच गावात येतं. परिषदेच्या नांदापूरकर सभागृहात कार्यक्रमही होत असतात. मागच्या रांगेत बसून पाहिलं, की पुढची बहुतेक डोकी पांढरी दिसतात. माझंही त्यातलंच, म्हणून तक्रार जरा बेतानंच करतो.

लंडनमध्ये 2014 साली मॅलरी ब्लॅकमन या लेखिकेच्या पुढाकारानं फक्त किशोर-तरुण वाचकांचं संमेलन सुरू झालं. ते भरलं कुठं, तर सिनेमा आणि कॉमिक्सच्या जत्रेत! म्हणजे मुलं जिथं आधीच हौसेनं जातात, तिथं पुस्तकं आणि लेखक नेऊन बसवले. आपल्याकडे उलटं चालतं. मांडव आपण घालतो आणि शाळांना पत्र पाठवून मुलं मागवतो.

या वयासाठी मराठीत पुस्तकंच नाहीत, ही सबब फारशी टिकत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे तर आहेच. पण लांब कशाला जायचं? बाबा भांडांच्या ‘दशक्रिया’तला पैठणच्या घाटावरचा भानुदास इथून तासाभराच्या अंतरावर राहतो. शेजारच्या जालन्यात जन्मलेले भारत सासणे 2022 साली उदगीरला संमेलनाध्यक्ष झाले, आणि दोनच वर्षांनी ‘समशेर आणि भूतबंगला’साठी त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुस्तक आहे, लेखक आहे, वाचणारा पोरगाही आहे. तिघांची गाठ कुठं पडायची, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर सभागृहात नाही, गल्लीत सापडलं. कोरोनाच्या काळात शाळांना कुलपं होती. तेव्हा 2021च्या सुरुवातीला आपल्याच शहरातल्या बायजीपुऱ्यात एका शाळकरी मुलीच्या पुढाकारानं पहिलं मोहल्ला बाल वाचनालय उघडलं. तिच्या घरात पुस्तकविक्रीचा व्यवसाय होता. भांडवल म्हणजे सुमारे 300 पुस्तकं, काही तिची स्वतःची, काही वडिलांनी दिलेली. रीड अँड लीड फाउंडेशन पाठीशी उभं राहिलं आणि वर्षा-दोन वर्षांत अशी वाचनालयं तीसच्या घरात गेली. काही घरांत आहेत, काही मशिदींत. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी सगळी पुस्तकं तिथं शेजारी शेजारी नांदतात.

मला भावलं ते वेगळंच. या वाचनालयांचा कारभार मुलांच्याच हाती आहे. पुस्तक कुणी नेलं, कधी आणून दिलं, हे पाहणारा ग्रंथपाल वाचकापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. मोठ्या माणसानं ‘हे वाच, चांगलं आहे’ म्हटलं, की त्या वयात पुस्तकाला औषधाची चव येते. गल्लीतल्या ताईनं ‘भारी आहे, पण लवकर दे, मागे नंबर लागलाय’ म्हटलं, की तेच पुस्तक रात्रीत संपतं. लंडनच्या संमेलनातल्या लांबलचक रांगा आणि बायजीपुऱ्यातला हा नंबर यांची जात एकच, असं मी म्हणेन. वाचनाची लागण बरोबरीच्या पोरांकडूनच होते.

उणीव आहे ती एवढीच, की या वाचकांना लेखक भेटत नाही. गल्लीत पुस्तक पोचतं, ते लिहिणारा पोचत नाही. तो मांडवात असतो, शाल-श्रीफळ घेत.

तेव्हा परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना आणि पुढच्या संमेलनाच्या स्वागत समितीला विनंती एकच. मोहल्ल्यातल्या या ग्रंथपाल पोरींना एक परिसंवाद द्या. विषय त्यांना ठरवू द्या, लेखकही त्यांनाच निवडू द्या. प्रास्ताविक नको, दीपप्रज्वलन नको. आणि जेवणाच्या मांडवाची वाट त्या दिवशी आम्हा पांढऱ्या डोक्यांना दाखवू द्या. बिल्ला आम्ही लावू.