एका रांगेतली चाकं, एका घरातली भावंडं : इनलाइन स्केटिंगच्या खेळाडूंकडून गावच्या पोरांनी काय घ्यावं?

विंझर (ता. राजगड, जि. पुणे) : मोबाईलवर क्रिकेट अन् कबड्डी बघणारी गावाकडची पोरं आता स्केटिंगचे व्हिडिओही बघायला लागली आहेत. दोन भाऊ पाठोपाठ रॅम्पवरून वर उडतात, हवेत गिरकी घेतात आणि चाकांवरच खाली येतात. पोरगं ते चार-चार वेळा मागं नेऊन बघतं. मग घरात हट्ट सुरू होतो, "मला पण स्केट्स पाहिजेत." आईबापाला मात्र कळत नाही, हा खेळ आहे की सर्कस? खर्च किती? पोरगं पडलं तर? अन् यातून पुढं काय? यातल्या शक्य तितक्या प्रश्नांची उत्तरं इथं दिली आहेत.

इनलाइन म्हणजे काय?

जत्रेत किंवा जुन्या सिनेमात दिसणाऱ्या स्केट्सला पुढं दोन अन् मागं दोन अशी चार चाकं असतात, बैलगाडीच्या दोन जोड्या एकामागं एक लावाव्यात तशी. त्यांना क्वाड म्हणतात. इनलाइनची चाकं एकाच रांगेत असतात. तोल सांभाळायला हे अवघड जातं, पण एकदा जमलं की वेग जास्त मिळतो अन् वळणावर अंग पार आडवं घालता येतं.

स्केटर पाय मागं मारत नाही, बाजूला ढकलतो. गुडघे वाकवून, पाठ आडवी करून खाली बसायचं, एका पायावर घसरत राहायचं आणि दुसऱ्यानं बाजूला रेटा द्यायचा. खाली बसण्याचं कारण वारा. सायकलवर वारा समोरून आला की आपण हँडलवर वाकतो, तसंच हे. शर्यतीत खेळाडू एकमेकांच्या मागं चिकटून पळतात, त्याचंही कारण वाराच. पुढचा वारा कापतो, मागचा दम राखून ठेवतो.

प्रकारानुसार चाकंही बदलतात. वेगाच्या शर्यतीला ११० ते १२५ मिलीमीटरची मोठी चाकं लागतात. रॅम्पवर उड्या मारणाऱ्यांची चाकं बरीच लहान असतात, म्हणजे पाय जमिनीच्या जवळ राहतो अन् उतरताना तोल सापडतो. त्यामुळं "स्केट्स आणा" एवढं म्हणून भागत नाही. कशासाठी आणायच्या ते आधी ठरवावं लागतं.

बर्फावरच्या दोन भावांनी जोर दिला

इनलाइन स्केट्स जगभर पोचवल्या त्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या दोन भावांनी. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात अन् पोरं बर्फावर हॉकी खेळतात. उन्हाळ्यात सराव कुठं करायचा हा त्यांचा प्रश्न होता. १९७९-८० च्या सुमारास त्यांच्या हाती एका रांगेत चाकं असलेली जुनी स्केट लागली. तिच्यात सुधारणा करून त्यांनी नवी जोडी बनवली आणि त्यातूनच रोलरब्लेड ही कंपनी उभी राहिली. माती काढणाऱ्या कुठल्याही मशीनला आपण जेसीबी म्हणतो, तसं तिकडं कुठल्याही इनलाइन स्केटला लोक रोलरब्लेड म्हणायला लागले.

कल्पना मात्र त्याहून जुनी. अठराव्या शतकात जोसेफ मर्लिन नावाच्या कारागिरानं लंडनमध्ये चाकाचे बूट घालून मेजवानीत व्हायोलिन वाजवत एंट्री घेतली. बुटांना ब्रेक नव्हता, त्यामुळं तो थेट मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी गोष्ट सांगतात. अडीचशे वर्षं झाली तरी धडा तोच आहे. पळायच्या आधी थांबायला शिकायचं.

यासुतोको बंधू

मोबाईलवर ज्यांचे जुने व्हिडिओ अजून फिरतात, ते एइतो आणि ताकेशी यासुतोको हे जपानचे सख्खे भाऊ. एइतो थोरला, ताकेशी धाकटा. आईबापच स्केटिंगमधले, त्यामुळं पोरांचा पाय चालायला लागल्या लागल्या चाकावर पडला. दोघांचा खेळ 'व्हर्ट', म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा उंच रॅम्प. एका बाजूनं खाली यायचं, दुसऱ्या बाजूनं वर जाऊन हवेत सुटायचं, गिरक्या घ्यायच्या आणि पुन्हा त्याच उभ्या भिंतीवर उतरायचं. इंचभर चुकलं तर हाड मोडतं.

अमेरिकेतल्या एक्स गेम्स या मोठ्या स्पर्धेत १९९९ पासून २००४ पर्यंतच्या काळात या प्रकारातली बहुतेक सोन्याची पदकं या एकाच घरात गेली. कधी थोरला पहिला, कधी धाकटा. २००२ मध्ये ताकेशी जिंकला, २००३ मध्ये एइतो, २००४ मध्ये पुन्हा ताकेशी.

चाहत्यांना या जोडीचं एवढं कौतुक का, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. तालमीत जोडीदार तोडीचा असेल तरच पैलवान तयार होतो. इथं जोडीदार घरातच होता. एकानं नवीन गिरकी शिकली की दुसऱ्याला गप्प बसवत नाही. आणि स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरायचं, हरायचं, अन् रात्री एकाच ताटाशेजारी बसायचं. भावाभावांत बांधावरून कोर्टात जाणारी घरं आपण बघतो. हरलेल्या भावानं जिंकलेल्या भावासाठी टाळी वाजवायची ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही.

यातली दुसरी बाजूही पोरांना सांगायला हवी. २००४ नंतर एक्स गेम्सनं इनलाइनचा हा प्रकार बंदच केला. भाऊ जगात पहिले, पण ज्या मंचावर ते पहिले होते तो मंचच काढून घेतला. तरी ताकेशीनं खेळ सोडला नाही, पुढंही तो मोठ्या स्पर्धांत उतरत राहिला. आपल्याकडं भाव पडला म्हणून पुढच्या साली कुणी भात लावायचं थांबत नाही, तशातलंच हे.

भारतातली भावंडं, आणि महाराष्ट्राची दोन पोरं

हे सगळं परदेशातलंच आहे असं मात्र नाही. तमिळनाडूच्या आनंदकुमार वेलकुमारनं २०२१ मध्ये कोलंबियातल्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्यपदक आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनमधल्या चेंगडूच्या वर्ल्ड गेम्समध्ये १००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. महिनाभरानं चीनमध्येच झालेल्या जागतिक स्पर्धेत तो १००० मीटरमध्ये जगज्जेता झाला. १ मिनिट २४.९२४ सेकंद ही त्याची वेळ. त्याच स्पर्धेत ४२ किलोमीटरची मॅरेथॉनही त्यानंच मारली. वेगाच्या स्केटिंगमध्ये भारताला जगज्जेतेपद मिळालं ते पहिल्यांदाच. त्याची बहीण सुबी सुवेथा हीसुद्धा स्केटिंगपटू आहे. एकाच घरातनं पोरगा आणि पोरगी दोघंही चाकावर.

हाच आनंदकुमार २ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोच्या एशियन गेम्समध्ये ३००० मीटर रिलेच्या टीममध्ये होता. त्याच्यासोबत आर्यनपाल सिंग घुमन आणि आपल्या महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे व विक्रम इंगळे. या टीमनं ४ मिनिटं १०.१२८ सेकंदांत कांस्यपदक मिळवलं. त्याच दिवशी मुलींच्या टीमनंही कांस्य आणलं. त्या टीममध्ये संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हिरल साधू आणि आरती कस्तुरी राज होत्या. त्यांची वेळ ४ मिनिटं ३४.८६१ सेकंद.

रिले म्हटलं की आपल्याला हातातली काठी आठवते. स्केटिंगच्या रिलेत काठी नसते. एक पळत असतो, तेव्हा त्याचे जोडीदार आतल्या बाजूनं हळू फिरत राहतात. पाळी आली की मागून येणारा पुढच्याला दोन्ही हातांनी रेटा देतो आणि आपला वेग त्याच्या अंगात घालतो. रेटा वाकडा बसला तर दोघंही पडतात. सख्खे असोत वा नसोत, त्या मिनिटांपुरतं सगळ्यांना भावंडासारखं एकमेकांवर टाकून द्यावं लागतं.

मुलांच्या त्याच शर्यतीत एक गोष्ट घडली, ती प्रत्येक पोराला दाखवावी अशी आहे. दक्षिण कोरियाचा चुंग चोल-वॉन सगळ्यांच्या पुढं होता. रेषा जवळ आली, जिंकलो असं समजून त्यानं आधीच हात वर केले. मागून आलेल्या तैवानच्या हुआंग यू-लिननं डावा पाय लांब करून रेषेवर टाकला. निकाल ४ मिनिटं ५.६९२ आणि ५.७०२ असा लागला. म्हणजे फक्त एक शतांश सेकंद. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. कोरियात एशियन गेम्सचं सुवर्ण मिळालं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. ती संधीही गेली, त्याची आणि त्याच्यासोबत पळालेल्या जोडीदाराचीही. खळ्यावरचं भात कणगीत पडेपर्यंत पीक आपलं म्हणू नये, असं जुनी माणसं उगाच सांगत नाहीत.

आता आपल्या गावाचं

विंझर, मार्गासनी, वेल्हे या पट्ट्यातनं पुणे पन्नास किलोमीटरच्या पुढं. रोज सरावाला तिथं जाणं कुणालाच परवडणारं नाही. पावसाळ्यात चार महिने उघड्यावर चाक फिरणार नाही. त्यामुळं पोरगं लगेच एशियन गेम्सला जाईल असलं स्वप्न कुणी दाखवत असेल तर जरा थांबून विचारावं. सुरुवात करायला मात्र फार काही लागत नाही.

जागा : शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं सपाट काँक्रीटचं पटांगण चालतं. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात लहान चाक अडकतं. नसरापूर-वेल्हे रस्त्यावर स्केट्स घालून उतरू नये. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला जाणाऱ्या गाड्या वळणावर कशा येतात ते सगळ्यांना माहीत आहे. घाटाच्या उतारावर तर अजिबात नाही, कारण शर्यतीच्या स्केट्सला ब्रेकच नसतो.

सामान : नवशिक्यानं टाचेला ब्रेक असलेली जोडी घ्यावी. साईज कमी-जास्त करता येणारी मिळाली तर थोरल्याची धाकट्याला होते. हेल्मेट, मनगट, कोपर आणि गुडघ्याचे पॅड आधी, स्केट्स नंतर. नवशिका पडताना हात टेकतो, म्हणून मनगट फार वेळा जातं. मोठ्या खेळाडूंच्या जोड्या लाखाच्या घरात जातात, पण शिकणाऱ्या पोराला त्यांची गरज नाही.

शिकायचा क्रम : आधी पडायला, मग थांबायला, मग पळायला. कमरेला अन् मांड्यांना ताकद लागते. चढावर पळणं, उठाबशा, एका पायावर तोल धरणं हे स्केट्स नसतानाही होतं. डोंगरातल्या पोरांच्या मांड्यांत ती ताकद आधीच असते.

स्पर्धा : रोलर स्केटिंग शालेय क्रीडा स्पर्धांत आहे. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी पायरी असते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण महाराष्ट्रात आहे, पण कुठल्या स्पर्धेचं आणि कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं हे शासनाच्या नियमात ठरलेलं असतं. पैसे भरून शंभर पोरांनी एकत्र 'विक्रम' केल्याचं रंगीत सर्टिफिकेट मिळतं, ते भिंतीवर शोभतं. त्यावर गुण मिळतीलच असं नाही. पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एकदा विचारून घ्यावं.

शेवटचा मुद्दा भावंडांचाच. घरात एकाच जोडीचे पैसे असले की ती बहुतेक वेळा पोराला मिळते आणि पोरगी व्हिडिओ काढायला उभी राहते. हांगझोहून मुलांच्या टीमनं आणलं तेच पदक मुलींच्या टीमनंही आणलं, त्याच दिवशी. वेलकुमारांच्या घरात दोघंही खेळली. जोडी एकच असेल तर दिवस वाटून घ्यावेत, सोमवारी दादानं, मंगळवारी ताईनं. चाकाला कोण पळवतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं.