उद्योगाची जागा ‘ग्रामीण’ आहे का? अर्ज भरण्याआधी हे तपासा, लाखाचा फरक पडतो!



मशीन कुठलं घ्यायचं, बँक कोणती गाठायची, प्रोजेक्ट रिपोर्ट कोणाकडून करून घ्यायचा, यावर तुम्ही खूप विचार करता. पण युनिटचा पत्ता कोणता टाकायचा, हे मात्र शेवटी घाईत ठरतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे आपला पीएमईजीपी, यात पत्त्यावरच अनुदान ठरतं. म्हणून आज फक्त जागेबद्दल बोलू.

फरक किती?

खुल्या प्रवर्गातील पुरुषाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के.

समजा, तुम्ही १० लाखांचं मसाला युनिट टाकताय. ताई, तुमच्या नावावर शहरात अडीच लाख अनुदान बसतं, गावात साडेतीन लाख. मशीन तेच, मालही तोच, पण जागेमुळे १ लाखाचा फरक. स्वतःची गुंतवणूक दोन्हीकडे सारखीच: खुल्या प्रवर्गाला १० टक्के, बाकीच्यांना ५ टक्के. उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो.

मग ग्रामीण म्हणजे नक्की काय?

२०२२ मध्ये नियम सोपा झाला. पंचायत राज संस्थेच्या हद्दीतली जागा ग्रामीण, नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीतली शहरी. आजूबाजूला शेत दिसतं की इमारती, याने काही ठरत नाही.

इथेच लोक फसतात. तीन ठिकाणी जास्त.

पहिलं, हद्दवाढ. पुण्याजवळचं वाघोली, मांजरी बुद्रुक घ्या. लोक अजून ‘गाव’च म्हणतात, पण २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात ही दोन्ही आहेत.

दुसरं, नगरपंचायत. नावात ‘पंचायत’ आहे म्हणून ग्रामीण समजू नका. नगरपंचायत ही नागरी संस्था आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं दापोली, देवरुख नगरपंचायतीत येतं. पण हद्द ओलांडून शेजारच्या ग्रामपंचायतीत गेलात, की चित्र बदलतं.

तिसरं, सातबारा. सातबारा आहे म्हणजे जागा ग्रामीण, असं नाही. हद्दवाढ झालेल्या भागातही सातबारा चालू असतो.

घरबसल्या तपासा

घरपट्टीची पावती काढा. ती ग्रामपंचायतीची आहे की नगरपंचायत, नगरपालिका, महापालिकेची? निम्मं उत्तर तिथेच मिळतं. पावती जुनी असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटा आणि हद्दवाढ झाली आहे का, ते विचारा. मग ग्रामीण क्षेत्राचा दाखला घ्या. ग्रामीण युनिटच्या अर्जासोबत तो जोडावा लागतो.

गावात राहतं घर असेल, तर तिथे युनिट बसतं का ते आधी बघा. भाडं वाचतं. घर वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल, तर त्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार करून ठेवा. आणि एक लक्षात ठेवा: जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही.

नुसता पत्ता गावाचा नको

‘सर, पत्ता गावाचा दाखवू आणि काम शहरात करू’, असा सल्ला देणारे भेटतील. नको! युनिट सुरू झाल्यावर प्रत्यक्ष पडताळणी होते. अनुदान लगेच हातात येत नाही, ते बँकेत ३ वर्षं तुमच्या नावाने ठेव म्हणून राहतं. पडताळणी झाल्यावर ते कर्जात वळतं होतं. पडताळणीत युनिट जागेवर नसेल, तर अनुदान परत जातं आणि पूर्ण कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं.

उलट बाजूही बघा. १ लाख जास्त मिळतात म्हणून आडगावात युनिट टाकलं, आणि माल रोज ३० किलोमीटर न्यावा लागला तर? महिन्याला ४ हजार जादा भाडं धरलं, तरी ३ वर्षांत १ लाख ४४ हजार गेले. म्हणजे अनुदानाचा फायदा टेम्पोवाल्याला! थ्री-फेज लाईट, पाणी, रस्ता आणि गिऱ्हाईक, हा हिशोब कागदावर मांडा. ग्रामीण जागा या हिशोबातही परवडत असेल, तरच ती तुमची.

आता कामाला लागा

या आठवड्यात तीनच गोष्टी करा. घरपट्टीची पावती बघा, ग्रामपंचायतीत जाऊन दाखल्याचं विचारा, आणि दोन जागांचा खर्च समोरासमोर लिहा. मग जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योगच्या जिल्हा कार्यालयात जा. योजनेचा हा टप्पा २०२५-२६ पर्यंत मंजूर झाला होता, त्यामुळे पोर्टलवरची ताजी सूचना वाचूनच अर्ज भरा. अर्ज ऑनलाईन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

जागा आधी पक्की करा, मशीनचं कोटेशन नंतर. भेटू पुढच्या व्हिडिओत!