सर्पगंधेचे मूळ आणि रक्तदाबाची गोळी

"डॉक्टर, झाडपाल्याचेच आहे, त्याने काय अपाय होणार?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. बाजारातून सर्पगंधेच्या मुळाची पूड आणायची आणि ती रक्तदाबाच्या गोळीबरोबर गुपचूप घ्यायची, असे करणारे रुग्ण थोडे नाहीत.

सर्पगंधेला कमी लेखण्याचे कारण नाही. झोप न येणे, वेड यांवर ती आपल्याकडे पूर्वापार दिली जाते. १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून स्फटिकरूप घटक वेगळे केले व हकीम अजमलखानांच्या नावावरून एकाला 'अजमलीन' म्हटले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ५० रुग्णांवरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला, तेव्हा कुठे पाश्चात्त्यांचे तिकडे लक्ष गेले! गुंगी आणणारा मुख्य घटक मात्र मुळाच्या राळेसारख्या चिकट अर्कात दडून होता. तो १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी शुद्ध स्वरूपात काढला. तेच रेसर्पिन.

घटक वेगळा काढल्याने मोठा फायदा झाला तो मापाचा. रेसर्पिनची रोजची मात्रा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. एक ग्रॅम सुक्या मुळात ते मिलिग्रॅमभर असू शकते, कधी कमी, कधी जास्त. मग चमचाभर पुडीत किती गेले, हे विकणाऱ्याला तरी कसे कळावे? शिवाय त्याच मुळात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे अजमलीनही असते.

मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली रसायने रेसर्पिन रिती करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडून दाब उतरतो; पण मेंदूतला साठाही आटतो. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी महिनाभर गप्प गप्प असत, जेवणावरून वासना उडाली होती, नाडी ४८. घरच्यांना वाटले, वयच झाले. त्यांच्या पत्नीने पिशवीतून पुडी काढून दाखवली, तेव्हा उलगडा झाला. ठोके मंद करणारी गोळी त्यांना चालू होतीच, वर ही पूड!

रेसर्पिन आज क्वचितच लिहून दिले जाते. त्याहून सोसवणारी औषधे आली आहेत. पूड घेत असाल, तर तीच पुडी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. नाक सारखे चोंदणे, उदासी, मंद नाडी, उठताना भोवळ यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी जा. आणि गोळी मनाने बंद करू नका.