पेटीवाल्याचा पियानो

शिरूरच्या माझ्या क्लासात पेटी शिकून आलेलं पोर पहिल्यांदा पियानोच्या पट्ट्यांवर बोटं ठेवतं, तेव्हा त्याची तक्रार ठरलेली असते. "सर, सूर टिकत नाही." बोट पट्टीवर घट्ट असतं, जोर लावून झालेला असतो, तरी आवाज ओसरत जातो. पेटीत असं होत नाही. भाता चालू आहे तोवर सूर आपल्या ताब्यात. हवा तेव्हा फुलवा, हवा तेव्हा दाबा. पियानोत सूर उमटला रे उमटला की उतरणीला लागतो आणि मग पट्टी कितीही रेटली तरी त्यात काडीची भर पडत नाही.

कारण पट्टीचा आणि तारेचा थेट संबंधच नाही. पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. तिच्या मागच्या टोकावरच्या लाकडी तरफा नमद्याची एक हातोडी तारेकडे उडवतात. हातोडी ४५ मिलिमीटरच्या आसपास अंतर कापते, म्हणजे बोटापेक्षा चार-पाच पट वेगाने जाते. गंमत पुढेच आहे. तार दोन-एक मिलिमीटरवर राहिली की यंत्रणा हातोडीला सोडून देते. उरलेलं अंतर ती एकटी जाते, तार ठोकते आणि मागे येते. तशी न येता तारेला चिकटून राहिली असती, तर सूर तिथेच गुदमरला असता. थोडक्यात, सूर उमटवताना वाजवणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते : सुटताना हातोडीचा वेग किती. त्यानंतर त्याने पट्टीवर डोकं आपटलं तरी तारेला त्याची खबर नसते.

ही सुटका फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्यं सांभाळणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास जमवली. त्याचे तीन पियानो अजून शिल्लक आहेत. त्यांतला १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पुढची तीनशे वर्षं कारागिरांनी याच कल्पनेवर हात फिरवला.

मी घराण्याने पेटीवाला. वडील भजनी मंडळांच्या आणि चौफुल्याच्या कला केंद्रांतल्या पेट्या दुरुस्त करायचे. गुजरातेत पालिताण्याला घडवलेले पितळी सूर आणायचे आणि ते खरवडून लावायचे. पितळेची जीभ टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. खरवड इतकी बारीक, की फुंकर मारल्यावर पडलेली धूळ दिसतेही आणि नाहीही. हे बघत वाढलेल्या माणसाला पियानो म्हणजे साहेबाचं काहीतरी अवजड फर्निचर वाटायचं. हिंदी सिनेमाने तो समज पक्का केला होता. 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोशी बसतो तेव्हापासून आपल्याकडे पियानो हे वाद्य कमी आणि प्रेमभंगाची बैठक जास्त.

पियानोचं खरं पोट बघितलं ते दौंडला. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला, दौंडचं जंक्शन झालं आणि रेल्वेच्या नोकरीने गोव्याची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं तिथे राहिली. अशाच एका घरी एक उभा जर्मन पियानो आहे. घरच्या आंटी मला 'मास्तर' म्हणतात. एकदा त्यांनी पुढची फळी काढून दाखवली आणि माझा वाद्यांकडे बघायचा हिशेबच बदलला.

आत बिडाची एक भली मोठी चौकट होती. पियानोच्या ८८ पट्ट्यांसाठी सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात : खर्जात एका पट्टीला जाडजूड तांब्याने गुंडाळलेली एक, मग दोन-दोन आणि वर तीन-तीन. सगळ्यांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात जातो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या उसाने भरून कारखान्याकडे निघालेल्या दिसतात ना, तेवढं ओझं त्या घरातल्या भिंतीशी उभ्या कपाटात रात्रंदिवस ताणलेलं असतं. लाकूड एकटं ते सोसू शकत नाही. बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने १८२५ साली अखंड ओतलेल्या लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पियानोला दणकट आवाज काढणं परवडायला लागलं.

पण आवाज चौकटीचा नसतो, आणि खरं तर तारेचाही नसतो. नुसती तार ऐकायला गेलात तर डासाइतकी ऐकू येईल. तारांखाली घोडी असते आणि घोडी टेकते ती स्प्रूसच्या पातळ फळीवर. तंबोऱ्याची तबली असते तीच ही, फक्त भोपळ्याऐवजी भिंतीएवढी. तारेची थरथर ही फळी हवेत पोचवते.

मग माझी नजर हातोड्यांवर गेली. मधल्या सप्तकातल्या नमद्यावर तारांनी खाचा पाडल्या होत्या, खर्जातला नमदा जवळपास कोरा होता. म्हणजे कोण काय वाजवत होतं याची वहीच. एका टोकाला कसर लागून नमदा झडला होता. पियानो लावायला मुंबईहून आलेल्या कारागिराने काय केलं, तर तीन सुयांचं एक हत्यार घेतलं आणि हातोडीच्या खांद्यांवर टोचत बसला. नमदा वापराने घट्ट होतो आणि आवाज पत्र्यासारखा कडक येतो. टोचला की तो सैल होतो आणि आवाज गोलावतो. फारच मऊ झाला असेल तर कानशीने घासून पुन्हा कडक करायचा. एक टोचणी, एक पट्टी, कान. पुन्हा टोचणी. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना घोडी घासतात, दोरा सरकवतात, ऐकतात, पुन्हा घासतात. अगदी तीच तंद्री. सुरात लावणं वेगळं आणि आवाजाला पोत देणं वेगळं, हे मिरजेला ठाऊक आहे आणि पियानो घडवणाऱ्या हॅम्बुर्गलाही.

सुरात लावण्याची कथा आणखी सूक्ष्म. एका पट्टीच्या तीन तारांपैकी दोन नमद्याच्या पाचरीने बंद करायच्या, एक लावायची, मग दुसरी मोकळी करायची. एक सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४१ वेळा कंप पावत असेल, तर दर सेकंदाला आवाजाची एक लाट येते. लाट लांबत जाते, थांबते, जुळलं. पण अगदी तंतोतंत जुळवली तर सूर लवकर विझतो. गॅब्रिएल वाइनरिच या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली याचा उलगडा केला : एकाच घोडीवर बसलेल्या तारा किंचित वेगळ्या असल्या, तर त्या थोड्याच वेळात एकमेकींच्या उलट हलू लागतात, घोडीला जायची ताकद अडते आणि सूर मागे रेंगाळतो. पियानोचा आवाज आधी झपकन उतरतो आणि मग लांब शेपूट सोडतो, ते यामुळे. कसबी कारागीर कानाने ते अंतर ठेवतो.

आमच्या गायकांचं मात्र पियानोशी एक भांडण आहे आणि ते मला मान्य आहे. बारा स्वर सारख्या अंतरावर वाटल्यामुळे पियानोचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर हे काही थोडं नाही. अर्थात आपली बाजारातली पेटीही बहुतेक याच पापाची भागीदार. युरोपातला पायपेटीचा प्रकार मिशनऱ्यांबरोबर इकडे आला. अमेरिकन मराठी मिशनचं एक ठाणं शिरूरलाच होतं. पुढे कोलकात्याला द्वारकानाथ घोषांनी पायपेटीची हातपेटी केली आणि नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांपासून लावणीपर्यंत सगळ्यांना ती चालली. तिकडे जपानात १८८७ साली तोराकुसू यामाहाने हामामात्सूच्या शाळेतली अशीच एक बिघडलेली पायपेटी दुरुस्त केली आणि त्यातून आजचा यामाहाचा पियानो निघाला. पेटीवाल्यांनी उगाच लाजायचं कारण नाही.

आता लॅपटॉपमधल्या पियानोकडे येतो. आमच्या भागात खरा पियानो सांभाळणं म्हणजे हवेशी कुस्ती. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. एप्रिलमध्ये फळी सुकून आकसते, सूर उतरतात. पावसाळी दमटपणात ती फुगते, सूर चढतात. खुंटीचं लाकूड सैल झालं की लावलेला सूर आठवडाभरही धरत नाही. म्हणूनच इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात यायचे पियानो जादा पितळी स्क्रू मारून पाठवत. शिवाय आमच्याकडे कारागीर मुंबईहून बोलवायचा. सामान्य घरातल्या पोराला पियानो शिकायचा तर कळफलक आणि संगणकातला पियानो हाच रस्ता आहे, आणि त्याला मी खोटा म्हणत नाही.

हा पियानो दोन तऱ्हांनी करतात. पहिली तऱ्हा ध्वनिमुद्रणाची : एक उत्तम पियानो, शांत खोली, भोवती मायक्रोफोन, आणि प्रत्येक पट्टी हळूपासून जोरकसपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवायची. समजा बारा पायऱ्या घेतल्या, तर ८८ पट्ट्यांच्या १०५६ नोंदी झाल्या. पेडल दाबून पुन्हा तेवढ्याच. प्रत्येक नोंद विझेपर्यंत थांबायचं. मग कोणीतरी बसून एकेक ऐकतो, खुर्चीची करकर आली असेल तर काढतो, दोन पायऱ्यांमधला सांधा कळणार नाही असा घासतो. स्टीव्ही वंडरच्या आग्रहावरून रे कर्झवाइलने १९८४ साली जे वाद्य बाजारात आणलं, त्यापासून ही वाट रुळली. दुसऱ्या तऱ्हेत ध्वनिमुद्रण नसतंच. तार, हातोडी, फळी यांची गणितं मांडायची आणि सूर त्या त्या क्षणी हिशेबाने घडवायचा. फ्रान्समधल्या तुलूझचं 'पियानोटेक' २००६ साली आलं, ते असं. ते उभं करणारा फिलिप गियोम गणिताचा प्राध्यापक होण्याआधी पियानो लावायचं काम करायचा. सुई टोचणारा माणूस इथेही आहेच, फक्त हत्यार बदललं.

मला मात्र वेगळाच प्रश्न छळायचा. पियानोची नक्कल इतकी साधते, मग संगणकातली पेटी अशी निर्जीव का वाजते? पेटी तर किती साधी! उत्तर त्या सुटणाऱ्या हातोडीत आहे. पियानोत माणसाचा हात वेग देऊन बाजूला होतो. तो वेग १ ते १२७ मधल्या एका आकड्यात लिहिता येतो. वाद्य आणि संगणक यांना जोडणारी, १९८३ पासून चालत आलेली 'मिडी'ची रीत तीच. एका सुराला एक आकडा, काम झालं. पेटीत डावा हात शेवटपर्यंत सुटत नाही. चौफुल्याला बैठकीच्या लावणीत गाणारी बाई एखाद्या शब्दावर थांबून बघते, तेव्हा पेटीवाला पट्टी तशीच ठेवून भाता नुसता चिमटीने धरतो आणि सूर अर्ध्यावर लोंबकळत राहतो. तो आकडा कुठे लिहिणार? सारंगीचं तर नावच नको. पियानो संगणकात इतका सहज गेला तो सगळ्यात सोपा म्हणून नव्हे. माणसाचा हात त्याने तीनशे वर्षांपूर्वीच दाराबाहेर ठेवला होता म्हणून.

नक्कल अडते ती दुसरीकडे. खऱ्या पियानोवर करून बघा : मधल्या सप्तकातला सा आवाज न करता अलगद दाबून ठेवा आणि खालच्या सप्तकातला सा ठणकावून सोडा. खालचा थांबतो, पण वरचा न वाजवताच बोलत राहतो. पेडल दाबलं की सगळ्याच तारा अशा एकमेकींना जाब देतात. वेगवेगळ्या नोंदी एकावर एक ठेवून हे पुरतं साधत नाही. गणिती पियानोत बरंच साधतं, पण त्याचा ठोका मला अजून थोडा काचेरी वाटतो. हे माझं मत. माझी एक विद्यार्थिनी नेमकं उलटं म्हणते आणि तिचे कान माझ्यापेक्षा तरुण आहेत.

पालक विचारतात, कुठला घ्यावा? मी म्हणतो, आवाजावर नंतर खर्च करा, पट्ट्यांवर आधी करा. वजनदार, हातोडीसारखी उसळणारी पट्टी नसेल तर पोराचं बोट वेग द्यायला शिकतच नाही. ते पेटीसारखं दाबत राहतं. पेडल अर्धवट दाबलेलं ओळखणारं असावं. लॅपटॉपवर बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाजाचे साठवायचे नमुने, ५१२ वर ठेवला की नुसत्या त्यानेच सूर ११-१२ मिलिसेकंद उशिरा येतो आणि बोटाला गाळात चालल्यासारखं होतं. १२८ वर आणला की तीनच. बिबट्याच्या भीतीने आमचे संध्याकाळचे क्लास लवकर सुटतात, पोरं घरी हेडफोन लावून बसतात. आंटींच्या पियानोला ती सोय नाही.

त्या पियानोची एक अडचण होती. वर्षानुवर्षं न लावल्याने तो सगळाच्या सगळा अर्धा स्वर उतरलेला होता. पुन्हा ४४० वर न्यायचा तर ताण बारा टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि गंजलेल्या तारा तो सोसतील याची हमी कारागीर देईना. त्याने आहे त्याच उंचीवर त्याला आपापसांत सुरात लावला. मग आम्ही लॅपटॉपमधला पियानोच ४१५ वर उतरवला. आता गुरुवारी दौंडला एक पोर खऱ्यावर आणि दुसरं कळफलकावर, असं चार हातांचं वाजवणं चालतं. आंटींची अट एकच : स्पीकर पियानोच्या डोक्यावर ठेवायचा नाही, पॉलिश जातं.